तिसरा तुकडा

प्रिय धाकटे,

सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. सातव्या वेळी आईने केला, तर दुसऱ्या घंटीला उचललास आणि मीटिंगमध्ये आहे म्हणालीस. आईला काय, तेवढ्यानेही बरं वाटलं. शेजारी सांगत सुटली की आमची धाकटी रविवारीसुद्धा मीटिंगमध्ये असते. फोन न उचलणं सोपं असतं गं, पण दारात आलेलं पत्र, तेही माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरातलं, न फोडता बाजूला ठेवणं तुला जमायचं नाही. लहानपणी तर तू शेजाऱ्यांचीही पत्रं फोडायचीस. म्हणून लिहायला बसले. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवत नाही, घरी पाठवते, म्हणजे दार लावून वाचता येईल. एकच कर, शेवटचं पान आधी उलटू नकोस. पुस्तकाचा शेवट आधी बघायची तुझी खोड मला माहीत आहे. इथे ओळीने वाच.

आधी आनंदाची बातमी. मी माझा फोटो पाहिला. तुमच्या कंपनीच्या दुकानात, आत शिरलं की डाव्या भिंतीवर, खऱ्या माणसापेक्षा मोठा. निळा ॲप्रन, छातीशी धरलेली सुयांची वही आणि तोंडभर हसू. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'जिने तुमचा कपडा शिवला, तिची काळजी आम्ही घेतो.' मला शिवणं सोडून दहा वर्षं झाली, मी फक्त सुया सांभाळते, पण ते जाऊ दे. माझा पुढचा दात किडून काळा पडलाय, तो तुम्ही फोटोत पांढराशुभ्र करून टाकलात. चला, फुकटात दाताचा इलाज झाला. दारावरच्या रखवालदाराने मात्र मला ओळखलं नाही. वर भिंतीवर मी हसतेय आणि खाली तो मलाच विचारतोय, 'बाई, घ्यायचंय काय तुम्हाला? मघापासून नुसतं चाचपताय.' मी तिथे काय चाचपत होते ते पुढे येईलच.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण त्या काचेच्या ऑफिसात गेल्यापासून ठाऊक असलेलं विसरायची तुला सवय लागली आहे. मशीनवर सुई तुटली की बाईने हात वर करायचा. मी लोहचुंबक घेऊन जायचं. सुईचे जेवढे तुकडे झाले असतील तेवढे शोधायचे, कपड्यात, टेबलावर, जमिनीवर, मशीनच्या पोटात. सगळे मिळाले की वहीच्या पानावर शेजारी शेजारी मांडायचे आणि वरून पारदर्शक टेप लावायची. तारीख, मशीन नंबर, सुईचा नंबर, किती तुकडे, कुठे मिळाले, सही. मगच नवी सुई. एक तुकडा कमी असला तरी नवी सुई नाही, त्या मशीनचं काम बंद आणि त्या बंडलातला एकही कपडा पुढे जायचा नाही. नियम तुमच्याच कंपनीचा, कुठल्या तरी घरातल्या बाळाला ते टोक टोचू नये म्हणून. नियम चांगला आहे आणि मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. बाया मला सुईबाई म्हणतात ते उगाच नाही. तू चिडवायचीस, 'ताई, कणभर टोक शोधून आणतेस, पळालेला नवरा तेवढा सापडला नाही तुला!' मी सगळ्यांच्या आधी हसायचे.

तू बसायचीस सतरा नंबरच्या मशीनवर. तुझ्या उजव्या हाताला, अठरा नंबरवर, साळुंकी. ती अजून तिथेच होती, परवापरवापर्यंत. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कळायचं, एरवी सगळ्यांची साळुंकीच, कारण मशीन थांबेल पण तिचं तोंड थांबायचं नाही. तू पदवीच्या परीक्षेला बसणार म्हणालीस तेव्हा सगळ्या लाइनीने नाकं मुरडली होती, आठवतं? गाठोडं उचलायची ताकद नाही आणि डोंगर चढायला निघाली, असं म्हणणाऱ्या होत्या. साळुंकीने तेवढं म्हटलं नाही. ती तुझे पीस आपल्या बंडलात सरकवून घ्यायची आणि तुला म्हणायची, 'जा पोरी, पोटात दुखतंय म्हण आणि संडासात बसून दोन पानं वाचून ये.' तुझा आकडा भरावा म्हणून ती जेवणाची सुट्टी अर्धी करायची. तू साहेबीण झालीस त्यात माझा वाटा आहे हे मी चारचौघांत सांगते. तिचा वाटा तिने कधी कोणाला सांगितला नाही.

आणि तो परीक्षेचा दिवस. पेपर दुपारी दोनला आणि साडेअकराला तुझी सुई तुटली. दोन तुकडे मिळाले, टोक मिळेना. तास गेला. मी जमिनीवर ओणवी झाले, बंडलातला एकेक कपडा उलटा केला. तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत रडत होतीस, आवाज न करता. तुकडा मिळेपर्यंत मशीनवरच्या बाईने जागा सोडायची नाही, हाही नियमच. तेव्हा मी ॲप्रनच्या खिशातली काडेपेटी काढली. बोथट होऊन मोडीत निघालेल्या सुयांची टोकं मी त्यात टाकत असे, नंतर एकदम जमा करायला. त्यातलं एक टोक उचललं, टेपखाली लावलं आणि 'टेबलाखाली मिळालं' असं लिहून सही ठोकली. तू पळालीस. पास झालीस. पण गंमत दोन दिवसांनी झाली. मी तुझी वेणी उकलत होते आणि केसांत माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. ते टोक! आपण दोघी इतक्या हसलो की आई स्वयंपाकघरातून ओरडली, वेड लागलं का म्हणून. ते हसण्यावारी न्यायला नको होतं, धाकटे. तुटलेलं टोक कपड्यात नंतर जातं, आधी शिवणाऱ्या बाईकडे उडतं, हे माझ्या बोटाला त्या दिवशी कळलं होतं. डोक्याला कळलं नाही.

आता दोन महिन्यांपूर्वीचं. तुम्ही कंपनीवाले तपासणीला येणार होतात त्याच्या आदल्या दिवसाचं. लहान मुलींचे फ्रॉक चालले होते, पांढऱ्यावर पिवळी बदकं. तुमच्या ऑर्डरी आधी बावीस दिवसांच्या असायच्या, आता चौदा दिवसांच्या झाल्यात. लाइनवरचा माणूस तोच, मशीन तेच, मग आठ दिवस आणायचे कुठून? तर बायांच्या हातातून. आमचा सुपरवायझर, ज्याला सगळ्या घड्याळ म्हणतात कारण वेळेशिवाय त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसतो, तासाला नव्वदचा आकडा एकशे वीसवर घेऊन गेला. मशीनवर डोळ्यांपुढे बसवायच्या त्या पारदर्शक पट्ट्या त्याने कधीच उतरवल्या होत्या, दोरा ओवताना आड येतात म्हणून. त्या जिन्याखाली पोत्यात असतात. तुम्ही येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी बसवायच्या, तुम्ही गेलात की पुन्हा पोत्यात. तुला पोतं माहीत आहे. दोन वर्षं तूच बसवायचीस, आणि स्क्रू हरवले की माझ्याकडे मागायला यायचीस. त्या दिवशी पट्ट्या पाच वाजता लागणार होत्या. साळुंकीची सुई एक वाजता तुटली.

खांद्यावरच्या जाड शिवणीवर तुटली. तिने हात वर केला आणि दुसऱ्या हाताने डोळा चोळत म्हणाली, 'अगं बाई, डोळ्यात काहीतरी गेलं.' मी तिची पापणी वर केली. फुंकर मारली. बाटलीतलं पाणी मारलं. काही दिसलं नाही. मी म्हणाले, 'कपड्याचं कुसळ असेल, जाईल पाण्याबरोबर.' हे मी म्हणाले, दुसऱ्या कोणी नाही. मग लोहचुंबक घेऊन कामाला लागले. बुडखा मशीनमध्ये होता, मधला तुकडा फ्रॉकच्या घडीत मिळाला, टोक नाही. मी तिच्या डोळ्यात पाहिलं होतं गं, पण तिथे मी कचरा बघत होते. टोक मी कपड्यांत शोधत होते. वीस वर्षांची शिकवण तीच आहे ना, टोक कपड्यात असतं आणि बाळाला टोचतं. बाईला टोचलं तर त्यासाठी वहीत रकाना नाही.

पाऊण तास मशीन बंद. घड्याळ येऊन उभा राहिला. म्हणाला, 'सुईबाई, उद्या पाहुणे आहेत. अर्धवट पान दाखवायचं का त्यांना? शोध, नाहीतर बनव.' मी काडेपेटी काढली. तुझ्यासाठी उघडली होती त्यानंतर ती किती वेळा उघडली असेल सांगू? मोजलं नाही मी. पहिल्यांदा जड जातं, नंतर सवय होते. फक्त त्या दिवशी घाईत चूक झाली. फ्रॉकवर अकरा नंबरची बारीक सुई चालली होती आणि माझ्या हाताला सोळा नंबरचं टोक लागलं, जीनच्या कापडाचं, जाडजूड. टेप लावल्यावर लक्षात आलं. काढायला गेले तर पान फाटलं असतं. म्हटलं, येणाऱ्या साहेबांना बारीक काय आणि जाड काय, कळतंय कुणाला.

तू येणार हे मला माहीत नव्हतं. तू आलीस, करड्या रंगाचा कोट घालून, बरोबर तो उंच साहेब. कारखान्यात तू मॅडम आणि मी बाई, हे आपलं ठरलेलंच आहे. लाइनीतून चालताना तू अठरा नंबरपाशी थांबलीस आणि हातातल्या कागदावरचा प्रश्न विचारलास, 'तुम्हाला कामावर सुरक्षित वाटतं का?' साळुंकी म्हणाली, 'होय मॅडम.' उत्तरं मीच पाठ करून घेतली होती, सगळ्या जणींकडून, दोन दिवस. हे म्हणताना ती पदराने डोळा टिपत होती आणि तुझ्याकडे बघून हसत होती. तिच्या हातावर वाढलेली पोरगी एवढी मोठी झाली, याचंच तिला कौतुक. तू कागदावर खूण केलीस. मशीनवरच्या पट्ट्यांपुढेही खूण केलीस.

मग तू वही मागितलीस. पानं उलटत गेलीस. कालच्या पानावर तुझा अंगठा टेपवर थांबला. दोन बारीक तुकडे आणि तिसरं ते जाड टोक. पाच वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला ते लांबूनही दिसलं असतं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या वेणीतलं टोक त्या क्षणी दोघींनाही आठवलं, खोटं सांगू नकोस. आणि तू पान उलटलंस. साहेबाला म्हणालीस की अशी नीटनेटकी वही मी कुठेच पाहिली नाही. साहेबाने लगेच माझा फोटो घेतला. तोच तो भिंतीवरचा. मी घरी येऊन मोरीत बसून रडले, कशाने माहितीये? बहिणीने मला वाचवलं म्हणून. किती मूर्ख असावं माणसाने.

ते फ्रॉक पॅकिंगला गेले. शेवटी सगळा माल धातू पकडणाऱ्या यंत्रातून जातो. मी पॅकिंगच्या दाराशी जीव मुठीत धरून उभी राहिले. एकही फ्रॉक वाजला नाही. घड्याळ म्हणाला, 'बघ, उगाच घाबरत होतीस.' टोक कपड्यात नाही, मग गेलं कुठे, हे त्याने विचारलं नाही आणि मीही नाही. मला एवढंच आठवलं की हे जुनं यंत्र, गेल्या वर्षी याने अख्खी सुई सोडली होती. माझी झोप उडाली. डोळे मिटले की कुठलं तरी दुपट्यातलं बाळ किंचाळायचं.

तुमच्याकडे सगळंच झटपट, तीन आठवड्यांत ते फ्रॉक दुकानात आले आणि माझा फोटोही. मग दोन रविवार मी दुकानात गेले. सकाळी उघडल्यापासून बदकांच्या फ्रॉकांच्या ढिगापाशी उभी. एकेका फ्रॉकचा खांदा चिमटीत धरायचा, शिवण बोटांनी दाबत न्यायची, घडी घालून ठेवायचा, दुसरा घ्यायचा. बाया येऊन ढीग उपसत होत्या. एक जण मैत्रिणीला म्हणाली, 'सहा घे गं, घाण झाले की टाकून द्यायचे, धुवायला वेळ कुणाला आहे?' मला तिचा राग आला नाही. फ्रॉकची किंमत माझ्या येण्याजाण्याच्या बसभाड्यापेक्षा कमी होती, अशा वस्तूला कोण जपणार? रखवालदाराने दुसऱ्यांदा हटकलं तेव्हा लाजेकाजेस्तव मी एक फ्रॉक विकत घेतला. आई विचारते हा कुणासाठी आणलास. तिला काय सांगू?

आणि या दोन्ही रविवारी साळुंकी घरी अंधाऱ्या खोलीत डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला होता. गल्लीतल्या डॉक्टरने थेंब दिले, डोळे आलेत म्हणाला. आठवडाभर ती तशीच कामावर आली, मग दिसेना झालं तेव्हा सुट्टी घेतली. मी एकदा भेटून आले, पाच मिनिटं. मला घाई होती ना, मला अनोळखी बाळांची काळजी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. पाचव्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे फोटो काढला. डोळ्याच्या आत पांढरी रेघ, तांदळाच्या कणीएवढी. टोक काढलं. डोळा वाचला नाही.

दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी वहीच लिहीत होते. पेन खाली पडलं ते उचललंच नाही. तशीच मॅनेजरसाहेबांकडे गेले. मोठ्या दवाखान्यातला पुढचा इलाज सरकारी योजनेतून होतो, पण कारखान्याने 'ही इजा कामावर झाली' असं एका कागदावर लिहून दिलं तरच. साहेबांनी वही मागवली, पान काढलं आणि वही माझ्यापुढे फिरवली. म्हणाले, 'बाई, अक्षर कुणाचं? सही कुणाची? तीन तुकडे, तिन्ही मिळाले. मग तिच्या डोळ्यातलं टोक आमचं कसं? घरी शिवत असेल काहीतरी.' मी सांगितलं की टोक खोटं आहे, मी लावलंय. ते हसले. म्हणाले, 'असं? तुम्हाला वहीत खोटं लिहायची सवय आहे म्हणजे आत्ताही खोटंच बोलत असाल.' वही त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुया आता दुसरी बाई सांभाळते. मला धागे कापायला बसवलंय.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला, तू तेव्हा उचलत होतीस. मी सगळं सांगितलं. मग तुझा तो ऑफिसातला आवाज लागला. 'ताई, असं काही लिहून देऊ नकोस. कंपनीला खोट्या नोंदी कळल्या तर ती ऑर्डर काढून घेते आणि दुसऱ्या देशात जाते. चारशे जणींच्या पोटावर पाय येईल.' मला आधी खरंच वाटलं. चारशे म्हणजे थोड्या नाहीत. मग रात्रभर विचार करताना लक्षात आलं, ही धमकी मला कोण देतंय? मॅनेजर नाही, घड्याळ नाही. काळजी घेण्याचा पगार जिला मिळतो ती. तुझं कार्ड आईने आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलंय, 'सामाजिक जबाबदारी विभाग'. ते बघत बघत मी केस विंचरते. तुम्ही आठ दिवस कापलेत, म्हणून आकडा वाढला, म्हणून पट्ट्या पोत्यात गेल्या, म्हणून सुई थेट डोळ्यात आली. आणि वर पुन्हा काही बोललात तर निघून जाऊ म्हणता. चूक सापडली की ती दुरुस्त करायची सोडून तिथून उठून जायचं, याला आपल्या घरात जबाबदारी म्हणत नव्हते. आपला बाप असाच गेला होता.

माझा राग तुझ्यावर आहे तसा माझ्यावरही आहे, हे लिहून ठेवते. टोक मी लावलं. उत्तरं मी पाठ करून घेतली. तू फक्त पान उलटलंस. पण तू उलटलंस ते दिसलं नाही म्हणून नाही, दिसलं म्हणून. त्या दिवशी तू तिथेच थांबून विचारलं असतंस की हे टोक जाड कसं, तर माझी नोकरी गेली असती, मान्य. पण मग खरं टोक शोधावं लागलं असतं. चोवीस तासही झाले नव्हते. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला की पहिल्या दिवशी आणली असती तर डोळा राहिला असता कदाचित. ते 'कदाचित' मी रोज सकाळी उठल्याबरोबर ऐकते. तूही ऐकावंस असं मला वाटतं. एकटीने किती ऐकायचं?

आणि आता दुसरा डोळा. एकाला असा मार बसला की कधी कधी दुसराही रुसतो, असं डॉक्टर म्हणाला. मागच्या आठवड्यापासून तिला डाव्या डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर धूसर दिसतं. लगेच इलाज सुरू झाला आणि महिनोन्महिने चालला तर तो वाचेल. पण तो कागद हवा. परवा मी तिच्याकडे गेले. आत जायचं धाडस होत नव्हतं, दाराशीच उभी राहिले. ती आवाजावरून ओळखून म्हणाली, 'ये गं सुईबाई. हरवलेलं सापडलं बघ तुझं.' तिने उशाखालून दवाखान्यातली छोटी बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. 'तुझ्या वहीत लाव. पान अर्धवट राहिलंय तुझं.' ती चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला सांगितलं की मी ते मॅनेजरला नाही, तुला पाठवणार आहे. तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, पान उलटल्याचंही. ती खूप वेळ काही बोलली नाही. साळुंकी गप्प बसली की काय होतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाली, 'पाठव. पोरीने एकदा बघून सोडलंय, दुसऱ्यांदा काय करते बघू.'

म्हणून हे पत्र. आता शेवटचं पान उलट. टेपखाली आहे ते खरं टोक आहे, अकरा नंबरचं, नेढ्याखाली तुटलेलं. याचा दुसरा तुकडा वहीत आहे, आणि दोन्हींच्या तुटलेल्या कडा भिंगाखाली ठेवल्या तर एकमेकींत बसतील. ते कपाट माझ्यासाठी उघडणार नाही, साळुंकीच्या नवऱ्यासाठी तर नाहीच. वही मागायचा अधिकार तुमच्या कंपनीच्या तपासनिसाला आहे, म्हणजे तुला. कारखान्यात ये, वही माग, ते पान काढ, हे टोक जवळ ठेव आणि मॅनेजरसाहेबांसमोर सांग की तू हे तेव्हाही पाहिलं होतंस. मी माझा जबाब लिहून दवाखान्यात दिलाय, पण माझ्या सहीला आता किंमत नाही. तुझ्या सहीला आहे. हे टोक कचऱ्याच्या डब्यात टाकलंस तरी कुणाला कळणार नाही, आवाजसुद्धा होणार नाही. खाली मी वहीतल्यासारखीच ओळ आखली आहे. मशीन अठरा. सुई अकरा नंबर. तुकडे तीन. पहिला मिळाला मशीनमध्ये, दुसरा कपड्यात, तिसरा उजव्या डोळ्यात. शोधणारीची सही मी केली आहे. तपासणारीची जागा रिकामी ठेवली आहे.

तुझीच, अजून तरी,
ताई